चिमूटभर उदाने हजारोंचा धर्म बुडवला, त्यांना परत आत घेणारा बिशप सिप्रियन

आज वसईतल्या किंवा गोव्यातल्या एखाद्या चर्चमध्ये सणाच्या मोठ्या मिस्साला गेलात, तर साखळ्यांना लटकवलेली धूपदाणी हलताना दिसते. निखाऱ्यावर ऊद पडतो, पांढरा धूर वर जातो आणि वास चर्चभर पसरतो. ख्रिस्ती प्रार्थना आणि हा सुगंध यांचं नातं पहिल्या दिवसापासूनचं असणार, असं कुणालाही वाटेल.

पण तसं नाहीये. पहिली जवळपास तीनशे वर्षं ख्रिस्ती लोक आपल्या उपासनेत ऊद जाळणं टाळत होते. उलट निखाऱ्यावर टाकलेली उदाची चिमूट ही धर्म सोडल्याची खूण मानली जायची. इ.स. २५० मध्ये रोमन साम्राज्यातल्या हजारो ख्रिस्ती लोकांनी जीव वाचवण्यासाठी देवतांना असंच काहीतरी अर्पण केलं आणि नंतर ते रडत चर्चच्या दारात परत आले. त्यांना कायमचं बाहेर ठेवायचं की आत घ्यायचं, हा प्रश्न ज्याच्या गळ्यात पडला तो माणूस म्हणजे कार्थेजचा बिशप सिप्रियन.

हा ऊद नेमका असतो काय?

मराठी बायबलमध्ये ज्याला ऊद म्हटलंय, तो बॉसवेलिया नावाच्या झाडाचा डिंक. ओमानमधला धोफार, येमेन आणि सोमालिया ही या झाडाची जुनी ठिकाणं. सालीला चीर दिली की दुधासारखा चीक बाहेर येतो आणि काही दिवसांत वाळून त्याचे थेंबासारखे खडे होतात. विदर्भात आणि सातपुड्यात दिसणारी आपली सालई याच झाडाची भाऊबंद. बायबलमधला गंधरस म्हणजे काष्ठौषधींच्या दुकानात मिळणारा हिराबोळ. तो गुग्गुळाच्या जवळच्या झाडाचा डिंक.

हा माल अरबस्तानातून उंटांवर लादून भूमध्य समुद्रापर्यंत यायचा. पहिल्या शतकातला रोमन लेखक थोरला प्लिनी याने या रस्त्यावर गाझापर्यंत ६५ मुक्काम मोजले आहेत. उत्तम प्रतीचा ऊद रोममध्ये पौंडाला ६ देनारी या चांदीच्या नाण्यांच्या भावाने विकला जात होता, असंही त्याने नोंदवलंय.

ख्रिस्ती लोकांना ऊद परका नव्हता. येरुशलेमच्या यहुदी मंदिरात रोज सकाळ-संध्याकाळ धूप जाळला जाई. त्यात चार सुगंधी द्रव्यं समप्रमाणात घ्यायची, हे बायबलच्या जुन्या करारात लिहिलंय, आणि त्यातलं एक ऊद होतं. तो धूप घरगुती वापरासाठी बनवायला सक्त मनाई होती. येशूच्या जन्मानंतर पूर्वेकडच्या ज्ञानी लोकांनी आणलेल्या भेटींमध्ये सोन्यासोबत ऊद आणि गंधरस होते. दुसऱ्या शतकातच त्याचा अर्थ लावला गेला होता. सोनं राजासाठी, ऊद देवासाठी आणि गंधरस मरणार असलेल्या माणसासाठी. येशूच्या दफनाच्या वेळी निकदेम नावाच्या अनुयायाने गंधरस आणि अगरू यांचं जे मिश्रण आणलं, ते रोमन मापाने शंभर पौंडांच्या आसपास, म्हणजे तीसेक किलो होतं.

मग अडचण कुठे होती? अडचण रोमन साम्राज्यात होती. रोमन देवतांच्या आणि सम्राटाच्या मूर्तीपुढे ऊद जाळणं ही निष्ठेची सगळ्यात सोपी परीक्षा होती. इ.स. ११२ च्या सुमारास बिथिनिया प्रांताचा कारभारी धाकटा प्लिनी याने सम्राट त्राजानला एक पत्र पाठवलं. ख्रिस्ती असल्याचा संशय असलेल्या माणसाने देवांचं नाव घेतलं, सम्राटाच्या मूर्तीपुढे ऊद आणि मद्य वाहिलं आणि ख्रिस्ताची निंदा केली, की आपण त्याला सोडून देतो, असं त्यात कळवलं होतं. म्हणजे एक चिमूट टाकली की सुटका, नाही टाकली तर मरण.

त्यामुळे ख्रिस्ती लोकांनी ऊद उपासनेतून लांब ठेवला, पण मृतदेहाजवळ ठेवला. इ.स. २०० च्या आसपास कार्थेजमध्येच टर्टुलियन नावाचा ख्रिस्ती लेखक होता. आमच्यामुळे उदाचा धंदा बसतो अशी अरबांची तक्रार असेल, तर त्यांनी लक्षात घ्यावं की त्यांचा जेवढा माल देवतांपुढे जळतो त्याहून जास्त आम्ही आमच्या मृतांच्या दफनाला वापरतो, अशा अर्थाचं त्याने लिहून ठेवलंय. या टर्टुलियनची पुस्तकं पुढे सिप्रियन रोज वाचायचा, असं सांगतात.

श्रीमंत वक्ता ते बिशप

सिप्रियनचा जन्म इ.स. २०० ते २१० च्या दरम्यानचा. कार्थेज म्हणजे आजच्या ट्युनिशियाच्या किनाऱ्यावरचं शहर. पश्चिमेकडच्या रोमन जगात रोमच्या खालोखाल त्याचं नाव होतं. सिप्रियन तिथल्या श्रीमंत घरातला आणि ख्रिस्ती नसलेला. वक्तृत्व शिकवणं हा त्याचा पेशा. रोमन समाजात या पेशाला मान होता, ओळखीपाळखी मोठ्या होत्या आणि शहरात स्वतःची बागबगीच्यासह मालमत्ता होती.

चाळिशीच्या आसपास, इ.स. २४६ च्या सुमारास, एका वृद्ध धर्मगुरूच्या सहवासात त्याने ख्रिस्ती धर्म स्वीकारला. मालमत्तेतला मोठा भाग विकून पैसे गरिबांना वाटले. आणि दोन-तीन वर्षांतच कार्थेजच्या लोकांनी त्याला बिशप म्हणून निवडलं. नव्याने आलेल्या माणसाला थेट गादी मिळाल्याने काही जुने धर्मगुरू दुखावले. लोकांचा पाठिंबा आहे पण घरातलेच पाच जण विरोधात आहेत, अशा अवस्थेत त्याचं काम सुरू झालं.

गादीवर बसून वर्ष-दीड वर्षही झालं नव्हतं आणि रोममधून फर्मान आलं.

साम्राज्यातल्या सगळ्यांनी अर्पण करा

इ.स. २४९ मध्ये डेशियस सम्राट झाला. सीमेवर गॉथ टोळ्या घुसत होत्या आणि साम्राज्य खिळखिळं झालं होतं. जुने देव कोपलेत, त्यांना सगळ्यांनी मिळून शांत केलं पाहिजे, असा विचार करून त्याने हुकूम काढला की साम्राज्यातल्या प्रत्येकाने देवतांना अर्पण करावं आणि तसं प्रमाणपत्र घ्यावं.

ही प्रमाणपत्रं इजिप्तच्या वाळूत सापडली आहेत. पपायरसवर लिहिलेली अशी चाळीसहून अधिक पत्रं आज उपलब्ध आहेत. आपण कायम देवांना भजत आलो आहोत, आत्ताही अधिकाऱ्यांसमोर मद्य ओतलं, बळी दिला आणि प्रसाद चाखला, असा त्यांचा साचा. खाली साक्षीदार अधिकाऱ्याची सही. गंमत म्हणजे त्यातलं एक पत्र मगरदेवाच्या पुजारिणीचं आहे. जिचा व्यवसायच देवपूजा, तिलाही कागद घ्यावा लागला.

ख्रिस्ती माणसापुढे आता तीन वाटा होत्या. नकार द्यायचा आणि तुरुंग, छळ, हद्दपारी किंवा मृत्यू पत्करायचा. लपायचं. नाहीतर मान तुकवायची.

कार्थेजमध्ये बहुतेकांनी मान तुकवली. सिप्रियनने नंतर लिहिलेलं वर्णन वाचलं तर लाज आणि वेदना दोन्ही जाणवतात. लोक बोलावण्याची वाट न बघता स्वतःहून धावत गेले. संध्याकाळ झाल्यावर अधिकारी उद्या या म्हणाले, तर आजच उरकून घ्या म्हणून विनवण्या केल्या. काहींनी कडेवरची तान्ही पोरंसुद्धा वेदीपाशी नेली.

या लोकांसाठी चर्चमध्ये नावंच पडली. ज्यांनी पशूचा बळी दिला ते साक्रिफिकाती. ज्यांनी फक्त ऊद जाळला ते थुरिफिकाती. उदाला लॅटिनमध्ये थुस म्हणतात, त्यावरून हा शब्द आला. आणि ज्यांनी काहीच अर्पण न करता, लाच देऊन किंवा ओळखीने नुसतं प्रमाणपत्र मिळवलं ते लिबेलातिकी. सगळ्यांना मिळून लाप्सी, म्हणजे पडलेले, म्हणायचे.

बिशप पळाला?

सिप्रियन कुठे होता? तो शहर सोडून लपला होता.

त्याची मालमत्ता जप्त झाली. रोमचा बिशप फाबियन जानेवारी २५० मध्ये मारला गेला होता. सिप्रियनचं म्हणणं होतं की आपण शहरात राहिलो तर जमाव आणखी चिडेल, लोकांवर जास्त संकट येईल आणि चर्चला कुणी सांभाळणारा उरणार नाही. लपलेल्या जागेवरून तो पत्रं पाठवत राहिला, तुरुंगातल्यांसाठी आणि गरिबांसाठी पैसे पुरवत राहिला.

पण टोमणे बसायचे ते बसलेच. रोमच्या धर्मगुरूंनी कार्थेजला पाठवलेल्या पत्रात कळप सोडून पळणाऱ्या मेंढपाळाचा उल्लेख होता. इशारा कुणाकडे आहे, हे न कळण्याइतका सिप्रियन भोळा नव्हता. ज्याने स्वतः छळ सोसला नाही, त्याने पडलेल्यांचा न्याय कसा करायचा, हा सवाल पुढची काही वर्षं त्याच्या डोक्यावर टांगलेला राहिला.

त्यात एक नवाच गुंता झाला. ज्यांनी छळ सोसूनही धर्म सोडला नाही, अशा तुरुंगातल्या लोकांना समाजात प्रचंड मान होता. पडलेले लोक त्यांच्याकडे जाऊन माफीची चिठ्ठी मागू लागले आणि ते उदार मनाने देऊ लागले. काही चिठ्ठ्यांवर फक्त अमुक माणूस आणि त्याच्या घरचे एवढंच लिहिलेलं असायचं. मग त्या एका चिठ्ठीवर वीस-तीस जण घुसायचे. सिप्रियनला विरोध करणारे धर्मगुरू अशा लोकांना कुठलंही प्रायश्चित्त न घेता थेट प्रभुभोजनाला बसवू लागले.

सिप्रियनने हे थांबवायला सांगितलं. छळ संपू दे, सगळे बिशप एकत्र बसू देत, मग प्रत्येकाचं प्रकरण बघू, अशी त्याची भूमिका होती. मरणाच्या दारात असलेल्यांना मात्र त्याने सवलत दिली.

दोन टोकांच्या मधे

जून २५१ मध्ये डेशियस गॉथांशी लढताना मारला गेला, पण त्याआधीच छळ ओसरला होता. त्या वर्षीच्या ईस्टरनंतर सिप्रियन कार्थेजला परतला आणि आफ्रिकेतल्या बिशपांची सभा भरली.

समोर दोन गट होते. कार्थेजमधला एक गट म्हणत होता, झालं ते झालं, सगळ्यांना लगेच आत घ्या. रोममध्ये नोव्हाशियन नावाच्या विद्वान धर्मगुरूचा गट म्हणत होता, ज्याने एकदा मूर्तीपुढे अर्पण केलं त्याला चर्च कधीच माफ करू शकत नाही. नोव्हाशियनने या मुद्द्यावर वेगळं चर्चच उभं केलं.

सभेने मधला रस्ता काढला. नुसतं प्रमाणपत्र घेतलेल्यांना चौकशी करून परत घ्यायचं. ज्यांनी प्रत्यक्ष बळी दिला त्यांनी प्रायश्चित्त करत राहायचं आणि मृत्यू जवळ आला की त्यांना स्वीकारायचं. प्रायश्चित्त म्हणजे उपवास, प्रार्थना, दानधर्म आणि सगळ्या समाजासमोर पश्चात्ताप.

या निर्णयामागचा विचार सिप्रियनच्या एका पत्रात सविस्तर सापडतो. कृती एकच असली तरी सगळ्यांचा दोष सारखा नसतो, हे त्याने त्यात मांडलंय. एक माणूस पहिल्याच हाकेला वेदीकडे धावतो, दुसरा खूप काळ झगडून मोडतो. एक जण बायकापोरांना आणि नोकरांना आपल्यासोबत ओढून नेतो, तर दुसरा एकटा पुढे होऊन अर्पण करतो आणि त्या बदल्यात घरच्यांना, कुळांना आणि आसऱ्याला आलेल्यांना वाचवतो. या दोघांना एकाच तराजूत कसं तोलायचं?

म्हणजे सुरुवातीला कडक वाटणारा हा माणूस हळूहळू मऊ होत गेला. पुढे दोन वर्षांत नव्या छळाची चाहूल लागली, तेव्हा त्याने आणि इतर बिशपांनी आणखी एक पाऊल टाकलं. प्रायश्चित्त करत असलेल्या सगळ्यांना आत घेतलं. लढाई येतेय तर माणसांना नि:शस्त्र बाहेर उभं ठेवता येणार नाही, असा त्यामागचा विचार होता. छळात मोडलेले तीन जण तीन वर्षं सतत प्रायश्चित्त करत होते. त्यांच्याबद्दल विचारणा आली तेव्हाही सिप्रियनने दयेच्या बाजूने कौल दिला.

साथ आली

याच काळात साम्राज्यात भयंकर साथ पसरली. सिप्रियनने तिच्या लक्षणांचं वर्णन लिहून ठेवलं, म्हणून इतिहासात ती सिप्रियनची साथ म्हणूनच ओळखली जाते. कार्थेजमध्ये लोक आजारी नातेवाइकांना टाकून पळत होते, प्रेतं रस्त्यात पडून होती.

सिप्रियनने आपल्या लोकांना गोळा करून कामं वाटून दिली. ज्याच्याकडे पैसा आहे त्याने पैसा द्यावा, ज्याच्याकडे नाही त्याने हात द्यावा. आणि मदत फक्त ख्रिस्ती लोकांना करायची नाही, छळ करणाऱ्यांनाही करायची, असा त्याचा आग्रह होता, असं त्याचा डीकन पोंटियस याने चरित्रात लिहिलंय. नुमिदियातल्या ख्रिस्ती लोकांना टोळ्यांनी पळवून नेलं, तेव्हा त्यांच्या सुटकेसाठी कार्थेजच्या चर्चने १ लाख सेस्टर्स गोळा करून पाठवले.

या वेळी तो पळाला नाही

इ.स. २५७ मध्ये सम्राट व्हॅलेरियनने पुन्हा छळ सुरू केला. या वेळी नेम थेट बिशप आणि धर्मगुरूंवर होता. ३० ऑगस्टला सिप्रियनला कार्थेजच्या प्रोकॉन्सुलसमोर उभं केलं गेलं. त्याने रोमन विधी करायला नकार दिला आणि आपल्या धर्मगुरूंची नावंही सांगितली नाहीत. त्याला समुद्रकाठच्या कुरुबिस गावी हद्दपार केलं गेलं.

पुढच्या वर्षी फर्मान आणखी कडक झालं. नकार देणाऱ्या धर्मगुरूंना थेट मृत्युदंड. कार्थेजला परत आणलेल्या सिप्रियनला मित्रांनी, त्यात शहरातले मोठे बिगरख्रिस्ती लोकही होते, लपायला जागा देऊ केली. त्याने ती घेतली नाही.

फक्त एकदा तो थोडे दिवस बाजूला झाला, पण त्याचं कारण उलटं होतं. प्रोकॉन्सुल तेव्हा उटिका शहरात होता आणि सिप्रियनला तिकडे नेण्याचा बेत होता. बिशपने मरायचं तर आपल्या लोकांसमोर, आपल्याच शहरात, असं त्याने पत्रातून कळवलं. प्रोकॉन्सुल कार्थेजला परतल्यावर तो आपल्या बागेत येऊन थांबला.

१४ सप्टेंबर २५८. प्रोकॉन्सुल गॅलेरियस मॅक्सिमसने त्याला रोमन विधी करायला सांगितलं. सिप्रियनने नकार दिला. नीट विचार कर, असं सुचवल्यावर इतक्या सरळ गोष्टीत विचार करण्यासारखं काही नाही, अशा अर्थाचं उत्तर आलं. तलवारीने मृत्यूची शिक्षा वाचली गेली.

मैदानात गर्दी इतकी होती की लोक झाडांवर चढून बघत होते. सिप्रियनने अंगरखा उतरवला, गुडघे टेकून प्रार्थना केली आणि आपल्या माणसांना सांगून मारेकऱ्याला २५ सोन्याची नाणी द्यायला लावली. लोकांनी त्याच्यासमोर कापडं अंथरली. डोळ्यांवरची पट्टी त्याला स्वतःला बांधता येईना, तेव्हा दोघांनी पुढे होऊन ती बांधली. रात्री मेणबत्त्या आणि मशालींच्या उजेडात त्याचं दफन झालं.

मग ऊद चर्चमध्ये आला कसा?

सिप्रियननंतर पंचावन्न वर्षांनी, इ.स. ३१३ मध्ये, सम्राट कॉन्स्टंटाइनच्या काळात ख्रिस्ती धर्माला मोकळीक मिळाली. सम्राटाच्या मूर्तीपुढे चिमूट टाकायची सक्ती संपली आणि उदाला चिकटलेली भीतीही ओसरायला लागली. रोमच्या बिशपांच्या जुन्या चरित्रग्रंथात नोंद आहे की कॉन्स्टंटाइनने लॅटरन चर्चला शुद्ध सोन्याच्या दोन धूपदाण्या दिल्या आणि वेदीपुढे जाळायला दरवर्षी १५० पौंड सुगंधी द्रव्यं नेमून दिली. चौथ्या शतकाच्या अखेरीस एगेरिया नावाची यात्रेकरू येरुशलेमला गेली. येशूच्या कबरीच्या गुहेत रविवारी पहाटे धूपदाण्या आणल्या जातात आणि सगळं चर्च सुगंधाने भरून जातं, हे तिने पाहून लिहिलंय.

चक्र किती उलटं फिरलं ते बघा. इ.स. ३९२ मध्ये सम्राट थिओडोसियसने कायदा केला, की जुन्या देवतांपुढे जिथे उदाचा धूर निघेल ती जागा सरकारजमा होईल. ज्या धुरासाठी दीडशे वर्षांपूर्वी ख्रिस्ती लोकांना बळजबरी झाली, त्याच धुरासाठी आता इतरांना शिक्षा होऊ लागली. सिप्रियनने ज्या दुखण्यावर इतकी वर्षं घालवली, ते दुखणं सत्ता हातात आल्यावर विसरायला फार वेळ लागला नाही.

उदाचा अर्थ मात्र त्यानंतर वेगळ्या दिशेने वाढला. वर जाणारा धूर म्हणजे प्रार्थना, हा बायबलमधल्या स्तोत्रांचा जुना अर्थ परत आला. वेदीला, शुभवर्तमानाच्या पुस्तकाला, धर्मगुरूला धूप दाखवतात आणि नंतर धूपदाणी समोर बसलेल्या साध्या माणसांकडेही वळते. अंत्यविधीत शवपेटीभोवती धूप फिरवतात, कारण ते शरीर पवित्र आत्म्याचं मंदिर होतं असं मानलं जातं. रोमन काळात हा मान देवतांच्या आणि सम्राटाच्या मूर्तीला होता. चर्चमध्ये तो शेवटच्या बाकावर बसलेल्या माणसालाही मिळतो, आणि तो माणूस आयुष्यात कधी मोडला होता का, हे त्या वेळी कुणी विचारत नाही.

सिप्रियनचं नाव रोमन मिस्साच्या सगळ्यात जुन्या मुख्य प्रार्थनेत आजही आहे. तिथे ते रोमचा बिशप कॉर्नेलियस याच्या शेजारी येतं. पडलेल्यांना परत घ्यावं, या बाजूने नोव्हाशियनच्या विरोधात त्याच्यासोबत उभा राहिलेला हाच तो कॉर्नेलियस. दोघांचा सणही एकाच दिवशी, १६ सप्टेंबरला असतो.